टाकीत क्लोरीन टाकलं, तरी पाण्याचा नमुना नापास का येतो?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसा दुबळ्या करणाऱ्या गिलान-बारे सिंड्रोमचे, रुग्ण सापडायला लागले, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू निघाला आणि सगळ्या शहराचं लक्ष नळाच्या पाण्याकडे गेलं. माझा भाचा राहतो दुसऱ्या टोकाला, हडपसरकडे. सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्याने घाबरून पाण्याची तपासणी करून घेतली आणि मला फोन केला. ‘आत्या, टाकी धुतली, क्लोरीन टाकलं, तरी चौथ्या मजल्यावरच्या नळाचा नमुना पिण्यास अयोग्य आलाय. पावडर बोगस मिळाली का गं?’

पावडर बरी होती. पण त्याचा प्रश्न मला नवा नव्हता. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीत जलसुरक्षक म्हणून, म्हणजे गावाच्या पाण्यात क्लोरीन टाकणारी आणि ते तपासणारी म्हणून, बरीच वर्षं काम केलंय, आणि २०१६ च्या जुलैत हाच प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला होता. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे नीट लिहून ठेवते. गावातल्या नव्या जलसुरक्षकांना आणि शहरातल्या सोसायट्यांना, दोघांनाही चालेल असं.

त्या जुलैत आमच्या खालच्या आळीत आठवड्याभरात अकरा जणांना जुलाब झाले. त्यात एक दीड वर्षाची पोर होती, तिला सलाईन लावावं लागलं. गावाची उंच टाकी ५०,००० लिटरची. मी रोज पहाटे २५० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून, निथळून टाकीत सोडत होते. टाकीखालच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून क्लोरीन बघायची तपासणी, केली की पाणी छान पिवळं व्हायचं. वहीत मी ‘योग्य’ लिहून मोकळी व्हायची. खालच्या आळीत जाऊन टेस्ट केली, तर नळीतलं पाणी पांढरंच्या पांढरं. क्लोरीनचा मागमूस नाही. टाकीपासून त्या आळीपर्यंतच्या नऊशे फुटांत ते गेलं कुठे?

प्लंबरने गटाराशेजारचा दीड फूट पाइप कापून काढला. दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, वीस-बावीस वर्षांचा जुना. मी तो हातात घेऊन उन्हात धरला. आत गंजाच्या गाठी चढून भोक रुपयाच्या नाण्याएवढं उरलेलं, आणि त्या गाठींवर तपकिरी, बुळबुळीत साय. बोट घातलं तर घसरलं. चार दिवस न घासलेल्या माठाच्या आतून हात फिरवा, जे लागतं तेच. त्या सायीला बायोफिल्म म्हणतात. जंतू पाण्यात सुटे तरंगतात ते थोडे. बहुतेक पाइपाच्या, टाकीच्या भिंतीला चिकटतात, अंगातून चिकट द्रव सोडतात आणि त्यातच वस्ती करतात. पाण्यातलं क्लोरीन सायीच्या वरच्या थराशी आणि गंजाशीच खर्ची पडतं, आतपर्यंत पोचत नाही. मग कधी पाण्याचा जोर वाढला, कुणी व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, की त्या सायीचा तुकडा सुटून कुणाच्या तरी हंड्यात उतरतो.

तेव्हापासून मी आधी जंतूंची घरं शोधते, मग टाकीत क्लोरीन किती टाकायचं ते बघते.

घरं आणखीही आहेत. टाकीच्या तळाचा गाळ हे एक. गढूळ पाण्यात मातीच्या कणाला चिकटलेला जंतू क्लोरीनच्या हाताला लागत नाही, म्हणून तर पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा असं आपलं मानक सांगतं. दुसरं घर अमीबाचं पोट. अमीबा म्हणजे पाण्यातला एकपेशीय जीव, तो जंतू खाऊन जगतो. पण लेजिओनेला नावाचा जंतू त्याने गिळला तरी पचत नाही, उलट त्याच्या आतच वाढतो, आणि अमीबाने कवच धरलं की क्लोरीनपासून दोघंही वाचतात. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, त्यानंतर न्यूमोनियाने माणसं पटापट दगावली, आणि शोध घेता घेता हा जंतू सापडला. तो पाणी पिण्यातून नव्हे, तर तुषार श्वासातून आत गेल्याने बाधतो, आणि २५ ते ४५ अंश तापमानात वाढतो. गच्चीवर सोलर असेल आणि त्यातलं पाणी नुसतं कोमट राहत असेल तर हे लक्षात घ्या. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवावी, आणि गावाहून पंधरा दिवसांनी परत आलात तर शॉवर आधी दोन-चार मिनिटं सोडून द्यावा, त्या वेळी त्याच्याखाली उभं राहू नये.

आणखी एक गोष्ट मला प्रशिक्षणात कळली आणि फार हलवून गेली. खायला काही मिळेना, गारठा पडला, की काही जंतू मरत नाहीत, उपवासाला बसल्यासारखे राहतात. अंग आकसून घेतात, वाढ थांबवतात. प्रयोगशाळेत बशीत घातले तरी उगवत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट चांगला येतो, पण ते जिवंत असतात. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूबाबत ही गोष्ट अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या गटाने १९८०च्या दशकात दाखवून दिली. त्याच कोलवेलबाईंनी पुढे बांगलादेशात आणखी एक काम केलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून तिथल्या बायकांना जुन्या सुती साडीची चारपदरी घडी घालून पाणी गाळायला सांगितलं, आणि त्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्यावर आली. आपल्याकडेही नारूच्या, म्हणजे पाण्यातून पोटात जाणाऱ्या जंताच्या रोगाच्या, काळात दुहेरी कापडाने पाणी गाळायला गावोगाव शिकवलं होतं. माझी आई घागरीच्या तोंडाला लुगड्याचं फडकं शेवटपर्यंत बांधायची. गाळण्याने सगळं निघत नाही, उकळणं किंवा क्लोरीन हवंच. पण गाळून मग क्लोरीन टाकलं तर त्याच क्लोरीनमध्ये जास्त काम होतं.

शेवटच्या नळापासून सुरुवात करा

टाकीपाशी टेस्ट करून समाधान मानू नका. आळीतलं शेवटचं घर, इमारतीतला पंपापासून सगळ्यात लांबचा नळ, तिथे जा. ओटीचं किट म्हणजे एक काचेची नळी, ऑर्थोटोलिडीनची थेंबांची बाटली आणि रंगांची पट्टी. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, चार-पाच थेंब टाका, हलवा आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा. मोकळं क्लोरीन तेवढ्यात दिसतं. पाच-दहा मिनिटांनी रंग गडद झाला तर तो इतर पदार्थांशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. टेस्ट केलेलं पाणी मोरीत ओता, हात धुवा, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते रसायन अंगाला बरं नव्हे. शहरात डीपीडीच्या गोळ्यांचं किट मिळतं, त्यात पाणी गुलाबी होतं. ते घेतलंत तर अधिक चांगलं.

शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन दर लिटरमागे हवं, आणि साथीच्या दिवसांत ०.५. तिथे शून्य आलं तर मागे मागे चालत या: तिसरा मजला, चौथा, गच्चीवरची टाकी, खालची टाकी. कुठल्या दोन जागांमध्ये पिवळा रंग नाहीसा होतो ते बघा. भाच्याच्या इमारतीत तो गच्चीच्या टाकीतून बाहेर पडून उभ्या पाइपातून खाली येताना जात होता. म्हणजे धुतलेल्या टाकीत दोष नव्हता, न धुतलेल्या पाइपात होता. शिवाय चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट आठ महिने बंद होता. न वाहणारं पाणी, तापलेला पाइप, आणि क्लोरीन उडून गेलेलं. जंतूंना याहून चांगली जागा कुठली?

आधी घासा, मग क्लोरीन

साय खरडून काढल्याशिवाय क्लोरीन टाकणं म्हणजे खरकट्या भांड्यावर नुसतं पाणी ओतणं. टाकी रिकामी करा, तळाचा गाळ बाहेर काढा, भिंती ताठ ब्रशने घासा. कोपरे, झाकणाची खालची बाजू आणि बॉलकॉकचा दांडा विसरू नका, साय तिथेच दाट असते. घासलेलं पाणी टाकीतून पूर्ण बाहेर काढा.

जमिनीखालच्या टाकीत उतरण्याआधी झाकण काही तास उघडं ठेवा, पंखा लावा, आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय आणि खालच्याच्या कमरेला दोर असल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका. अशा टाक्यांत गुदमरून माणसं गेलेली मी ऐकलेली आहेत, आणि त्यात वाचवायला मागून उतरलेलाही असतो. टीसीएल आणि संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही एकत्र आणू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. पावडर कालवताना नाकातोंडावर कापड, हातात मोजे.

आता माप. धुतलेल्या टाकीला निर्जंतुक करायला दर लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी चोवीस तास साठवतात. टीसीएलमध्ये २५ टक्के क्लोरीन असेल तर हजार लिटरला २०० ग्रॅम पावडर लागते. बादलीत थोड्या पाण्यात आधी तिची गुठळी न राहणारी खीर करा, मग बादली भरा, अर्धा तास स्थिर ठेवा. खाली चुना बसेल, वरचं निथळ पाणी टाकीत ओता, चुना टाकून द्या. मग इमारतीतला एकेक नळ उघडा, क्लोरीनचा वास आला की बंद करा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि टाकी धुऊनही नमुना नापास येतो तो यानेच. क्लोरीनचं पाणी पाइपात चोवीस तास उभं राहू द्या. त्या दिवसात कुणी ते पाणी प्यायचं नाही, आंघोळीला घ्यायचं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी दारोदार सांगा आणि लिफ्टमध्ये चिठ्ठी लावा. दुसऱ्या दिवशी सगळं पाणी सोडून द्या, पण झाडांच्या मुळाशी, विहिरीत किंवा ओढ्यात नको. नंतर स्वच्छ पाण्याने भरून टेस्ट करा.

रोजच्या वापराला मात्र हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, तसंच निथळून, आणि पाणी सोडण्याआधी निदान अर्धा तास. क्लोरीनला काम करायला तेवढा वेळ लागतोच. २०,००० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. पालिकेचं पाणी आधीच क्लोरीन घेऊन येतं, त्यामुळे सोसायटीने आधी टेस्ट करावी, कमी असेल तेवढीच भर घालावी.

पावडरीबद्दल एक सांगते, कारण माझी स्वतःची चूक यात आहे. २०१६ च्या त्या पोत्याचं तोंड सुटं होतं आणि ते ओल्या खोलीत फरशीवर ठेवलेलं. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, ते हवेने, ओलीने, उन्हाने रोज उतरतं. २० टक्क्यांच्या खाली गेलं की ती पावडर पाण्याला वापरू नये. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी, लाकडी फळीवर ठेवा. डब्यावर आणल्याची तारीख लिहा, आणि महिन्या-दोन महिन्यांना पुरेल एवढीच आणा. घट्ट गोळे झाले असतील, उघडल्यावर डोळ्यांना झोंबत नसेल, तर ती फेकायची. मी ते पोतं बदलून घेतलं नव्हतं. त्या पोरीची आई मला अजूनही भेटली की हसून बोलते, आणि मला ते पोतं आठवतं.

रिकामा पाइप घाण ओढतो

गावाचं निम्मं दुखणं इथे आहे. आमच्याकडे पाणी सकाळी एक तास यायचं, उरलेले तेवीस तास पाइप रिकामा. भरलेला पाइप जोडातून बाहेर पाणी झिरपवतो. रिकामा पाइप त्याच जोडातून बाहेरचं आत घेतो. आमच्या खालच्या आळीचा पाइप गटारातून गेला होता, आणि व्हॉल्व्हचा खड्डा पावसाच्या पाण्याने काठोकाठ. शिवाय तीन घरांनी नळालाच मोटर जोडलेली. मोटर सुरू झाली की पाइपातलं पाणी संपल्यावर ती गटारातलं ओढते, आणि ते शेजारच्या नळाला येतं. आम्ही पाइप गटारातून उचलून वरून नेला, व्हॉल्व्हचे खड्डे उपसून वर झाकणं बसवली. मोटर काढायला लावणं सगळ्यात अवघड गेलं. ग्रामसभेत कापलेला पाइप टेबलावर ठेवला, तेव्हा दोघांनी त्याच संध्याकाळी काढल्या. तिसऱ्याला नोटीस द्यावी लागली.

कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, तेव्हा लोक म्हणायचे, एवढं पाणी कशाला? पाइप सतत भरलेला राहतो, हा त्यातला आरोग्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे. ते जमेपर्यंत एवढं करा: पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते धुण्याला, झाडांना वापरा, प्यायचं नंतर भरा. पाइपाच्या शेवटच्या टोकाला वॉशआउट, म्हणजे पाइप धुऊन काढायचा व्हॉल्व्ह, असेल तर तो आठवड्यातून एकदा पूर्ण उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. नसेल तर बसवून घ्या.

स्वयंपाकघरातली घरं

आरओ लावला की बिनघोर, असं समजू नका. आरओमधला कोळशाचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे त्याच्या पोटातल्या टाकीत जे पाणी साठतं त्याला रक्षण काहीच नसतं. चार दिवस घर बंद असेल तर ती टाकी दोनदा भरून सोडून द्या, आणि फिल्टर ठरलेल्या वेळी बदला. त्या नळाची तोटी आठवड्याला ब्रशने घासा. माठाला, पिंपाला ओगराळं ठेवा. तांब्या बुडवला की हाताची बोटं पाण्यात जातात. माठ रोज रिकामा करून आतून घासा, नुसता विसळू नका. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळू द्या, एक मिनिट तसंच उकळतं ठेवा आणि झाकून, त्याच भांड्यात गार करा. उकळून न घासलेल्या कळशीत ओतलं तर पुन्हा पहिल्यापासून.

नमुना घेताना

प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरा. तिच्यात तळाला जो पांढरा कण किंवा थेंब असतो तो धुऊन टाकू नका. ते सोडियम थायोसल्फेट, पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे थांबवणारं. ते नसेल तर बाटलीत वाटेवरच जंतू मरत राहतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. तोटी स्पिरिटने पुसा, नळ दोन-तीन मिनिटं सोडा, झाकणाच्या आत बोट न लावता बाटली भरा, वर बोटभर जागा ठेवा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर नळ कुठला, वेळ कुठली आणि त्या वेळचं क्लोरीन किती हे लिहा. १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणारा जंतू, सापडता कामा नये.

घरच्या घरी प्राथमिक तपासणीला एचटूएसची बाटली चांगली, म्हणजे दूषित पाणी काळं पडतं अशी तपासणीची बाटली. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती काढली. खुणेपर्यंत पाणी भरा, उबदार जागी ठेवा, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं तर ते पिऊ नका आणि प्रयोगशाळेत नमुना पाठवा. आणि नमुना नापास आला तर त्याच नळाचा पुन्हा घ्या, तो बदलून जवळच्या चांगल्या नळाचा देऊ नका. तसं करणारे मी पाहिलेत, गावातही आणि शहरातही.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, कुठला नळ, ओटीचा रंग, पावडर किती ग्रॅम, पोत्याची तारीख. आळीत किंवा मजल्यावर दोन घरांत एकाच आठवड्यात जुलाब झाले तर तेही त्यातच लिहा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा, तिसऱ्या घराची वाट बघू नका.

भाच्याने उभा पाइप चोवीस तास क्लोरीनने भरून ठेवला, बंद फ्लॅटची किल्ली मालकाकडून मागून घेतली, आणि आता वॉचमन दर रविवारी तिथले सगळे नळ पाच मिनिटं सोडतो. तिसऱ्या आठवड्याचा नमुना पास आला. त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, त्यात चौथ्या मजल्यापुढे ‘फिकट पिवळा, ०.२’ लिहिलं होतं. मी त्याला लगेच फोन लावला आणि सांगितलं, पाऊस सुरू झाला की तिथे ०.५ दिसलं पाहिजे.